कोकणी बाजाची भारदस्त खोली

घर नव्याने बांधताना किंवा जुन्याची डागडुजी करताना अनेकांच्या मनात एका खोलीची जागा आधीच ठरलेली असते. दिवसाचे काम संपल्यावर निवांत बसायला, वाचायला, हिशेबाचे कागद मांडायला, दोन-चार मित्रांशी गप्पा मारायला ती हवी असते. वडिलांची आरामखुर्ची, आजोबांचे कपाट आणि आपली पुस्तके शोभतील अशी ती असावी, गडद लाकडाची, पितळेची, मोजक्या पण वजनदार वस्तूंची. अशा पुरुषी बाजाच्या खोल्यांची चित्रे मोबाइलवर हवी तेवढी मिळतात. पण बहुतेक चित्रे थंड हवेच्या देशांतल्या जुन्या क्लबांची असतात. कातडी सोफे, मखमली पडदे, भिंतभर लाकडी फळ्या आणि घोट्यापर्यंत रुतणारे गालिचे त्यांत दिसतात.

रत्नागिरीत ते चित्र जसेच्या तसे उतरवले, तर पहिलाच पावसाळा त्याचा निकाल लावतो. इथे वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. जुलैत कपाटातल्या पट्ट्यांवर आणि बुटांवर हिरवट बुरशी चढते, हे इथल्या प्रत्येक घराला माहीत आहे. तीच बुरशी कातडी सोफ्यावरही चढते. मखमलीला कुबट वास लागतो, गालिच्याखाली ओल धरते आणि भिंतीवर ठोकलेल्या फळ्यांमागे वाळवी निर्धास्त संसार मांडते.

म्हणून पहिली गोष्ट स्पष्ट सांगतो. भारदस्तपणा बाहेरून आणायची आपल्याला गरज नाही. कोकणातल्या घरांच्या ओटीवर आणि माडीवर तो पिढ्यान् पिढ्या नांदला आहे, आणि इथल्या पावसाला पुरून उरला आहे. तो आजच्या स्लॅबच्या घरात, दहा बाय बाराच्या खोलीतही आणता येतो. कसा, ते क्रमाने पाहू.

ओटीकडून काय घ्यायचे

जुन्या कोकणी घरात अंगणातून पडवी, पडवीतून ओटी आणि ओटीमागे माजघर असा क्रम असे. ओटी ही पुरुषमंडळींच्या उठण्याबसण्याची जागा. एका बाजूला झोपाळा, दुसऱ्या बाजूला गादी, लोड आणि तक्क्यांची बैठक, भिंतीत कोनाडे, कपड्यांना लाकडी खुंट्या, कोपऱ्यात काठी आणि छत्री, हाताशी पानाचा डबा आणि अडकित्ता. वर आढ्याच्या जवळ पूर्वजांच्या तसबिरी किंचित पुढे झुकवून टांगलेल्या. घरच्या बायकांना माजघराच्या पलीकडेच थांबवणारी ती जुनी वाटणी आज कोणालाही नको आहे आणि नकोच असावी. घ्यायची ती मांडणीची शिस्त.

ती शिस्त अशी की जमीन मोकळी राहिली पाहिजे. जी वस्तू खोलीत आहे ती रोज हाताळली गेली पाहिजे. आणि लाकूड लाकडाच्या, दगड दगडाच्या, पितळ पितळेच्या रंगात दिसले पाहिजे. या शिस्तीने मांडलेली खोली फारशी सजवावी लागत नाही.

काम सुरू करण्याआधी शहरातल्या दोन वास्तू मन लावून पाहून या. टिळक आळीतले लोकमान्यांचे जन्मस्थान हे साधे, उतरत्या कौलारू छपराचे घर आहे. लोकमान्यांचा जन्म १८५६ चा. तिथल्या खोल्यांची मापे, दारांची उंची, खांबांची जाडी आणि बाहेरून आत जाताना कमी होत जाणारा उजेड यांच्याकडे लक्ष द्या. दुसरी वास्तू थिबा राजवाडा. १८८५ साली पदच्युत केलेल्या ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला इंग्रजांनी रत्नागिरीत आणून ठेवले. १९१० साली हा राजवाडा त्याच्यासाठी बांधून झाला आणि १९१६ मध्ये राजा इथेच वारला. राजवाड्यात रंगीत काचांच्या अर्धगोल लाकडी खिडक्या आहेत आणि खाडीकडचा वारा थेट आत येतो. राजासाठी बांधताना सुद्धा इथे खिडक्या मोठ्या ठेवाव्या लागल्या, हे लक्षात घ्या. पडदे ओढून अंधारी केलेली खोली या किनाऱ्यावर टिकत नाही.

आधी भिंत कोरडी, मग सामान

खोली निवडताना दिशा पाहा. आपला पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपतो, त्यामुळे दक्षिण आणि पश्चिमेच्या बाहेरच्या भिंती सर्वांत जास्त पाणी पितात. पुस्तकांचे कपाट, तसबिरी आणि जुने लाकूड शक्यतो उत्तरेच्या किंवा आतल्या भिंतीला लावा. पश्चिमेच्या भिंतीजवळ खुर्ची, झोपाळा यांसारखे हलवता येणारे सामान ठेवा.

भिंतीत ओल आहे की नाही, हे घरच्या घरी तपासता येते. प्लॅस्टिकचा साधारण फूटभर चौरस तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला घट्ट लावा आणि दोन दिवस तसाच ठेवा. प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडे, पाण्याचे थेंब जमले तर ओल भिंतीतून येते आहे. आधी बाहेरची भेग, छपराचा कोपरा किंवा नळाची गळती शोधा. थेंब खोलीच्या बाजूने जमले तर दोष हवेतल्या दमटपणाचा आहे. त्याला वारा आणि पंखा पुरेसा होतो, आणि खोली बंदच ठेवावी लागत असेल तर हवेतली ओल शोषणारे यंत्र लावता येते. भिंत कोरडी झाल्याशिवाय रंगावर एक रुपयाही घालू नका.

जांभ्याची भिंत उघडी ठेवायची हौस अनेकांना असते, आणि ती योग्यच आहे. चिऱ्याचा तांबूस रंग आणि त्यावरची छिद्रे गडद लाकडाशेजारी फार खुलतात. पण जांभा सच्छिद्र असतो, तो पाणी शोषतो आणि सोडतो. म्हणून आतली किंवा छपराच्या आडोशाची भिंतच उघडी ठेवा. तिच्यावर चकचकीत वॉर्निश मारू नका, आत अडकलेली ओल मग पापुद्रे काढत बाहेर येते. कोरडा ब्रश फिरवून धूळ काढावी आणि लावायचाच असेल तर श्वास घेऊ देणारा, चमक नसलेला थर द्यावा.

इतर भिंतींना चुन्याचा किंवा चमकविरहित रंग द्या. खोली लहान असेल तर चारही भिंती गडद करू नका. लेखनाच्या मेजामागची एकच भिंत गडद हिरवी, गडद निळी किंवा कातासारखी तांबूस-तपकिरी करावी आणि बाकीच्या तिन्हींना दुधी किंवा हलका गव्हाळ रंग द्यावा. पावसाळ्यात इथे दुपारी चारलाच दिवे लावावे लागतात, तेव्हा हलक्या भिंतींचे मोल कळते. वॉलपेपर मात्र नकोच. त्याच्यामागे बुरशी कधी धरली ते दिसतच नाही.

लाकडी फळ्यांची भिंत हवीच असेल तर ती जमिनीपासून तीन-साडेतीन फुटांपर्यंतच करा. भिंत आणि फळी यांच्यात पट्ट्या मारून बोटभर पोकळी ठेवा आणि खाली-वर हवा खेळायला फट सोडा. प्लायवूड वापरणार असाल तर आयएस ७१० हा शिक्का असलेलाच, म्हणजे मरीन दर्जाचा घ्या. आयएस ३०३ चा साधा प्लाय कोरड्या जागी ठीक असतो. एमडीएफ आणि भुशाचा बोर्ड पाणी लागताच फुगतो, तो या खोलीत आणू नका.

लाकूड: नवे कमी, जुने जास्त

या खोलीचा जीव लाकडात आहे, म्हणून खर्चाचा मोठा वाटा लाकडावर करा. आपल्या जिल्ह्यात सध्या जुनी घरे मोठ्या संख्येने उतरवली जात आहेत. त्यांतून निघणारे खांब, तुळया, दारे आणि फडताळे पन्नास-शंभर वर्षे मुरलेली असतात. त्यांना जेवढे आकसायचे होते तेवढे ती आकसून झालेली असतात. जुन्या सागाच्या एका दाराच्या दोन फळ्यांतून लेखनाचे उत्तम मेज निघते. जाड खांबाच्या तुकड्यातून दिव्याचे बूड होते, आणि चौकटीच्या उंबरठ्यातून मजबूत बाक.

जुने लाकूड घेताना तीन गोष्टी सांभाळा. घर सामाईक असेल तर भाऊबंदांची संमती आधी घ्या, लाकूड उचलल्यावर नाही. कापायला गिरणीत नेण्यापूर्वी आतला प्रत्येक खिळा काढून घ्या, नाहीतर करवतीचे पाते जाते आणि गिरणीवाला पुढचे लाकूड घेत नाही. आणि टोकांना सुरीचे टोक टोचून पाहा. ते सहज आत गेले, किंवा टकटक केल्यावर पोकळ आवाज आला, तर वाळवीने किंवा भुंग्याने आपले काम केलेले आहे. तेवढा भाग कापून टाका आणि उरलेल्याला वाळवीरोधक औषध पाजा.

नवे लाकूड घ्यायचे तर आपल्याकडचा फणस विसरू नका. फणसाचे लाकूड कापल्यावर पिवळेधमक दिसते, आणि म्हणूनच ते गडद खोलीला चालणार नाही असे वाटते. पण वर्षे जातील तसे ते तांबूस होत जाते आणि शेवटी खोल तपकिरी रंगावर येऊन थांबते. त्याला डाग मारून मुद्दाम काळे करण्याची गरज नसते. साग आणि शिसव महाग पडतात, शिसव तर जडही असते, म्हणून तिचा एखादाच नग पुरे. ऐन आणि किंजळ तुळया-वाशांची लाकडे. ती जाड बाकाला चांगली, बारीक कामाला नाहीत. स्वतःच्या जागेतले झाड तोडायचे असेल तर आधी वनखात्याकडे परवानगीची चौकशी करा.

ताजे लाकूड ताबडतोब रंधायला देऊ नका. सावलीत, हवेशीर थप्पी लावून वाळवायचे तर इंचभर जाडीला साधारण वर्ष लागते, असा सुतारांचा आडाखा आहे. कपाटाचे खण पावसाळ्यात फुगून अडकतात, तेव्हा ते थोडे सैलच करायला सांगा. खाऱ्या हवेत लोखंडी खिळे आणि बिजागऱ्या गंजून लाकडावर काळे डाग पाडतात. पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचे स्क्रू वापरा.

पॉलिशच्या बाबतीत एक गोष्ट बहुतेक ठिकाणी राहून जाते. मेजाच्या वरच्या बाजूला चार हात मारतात आणि खालची बाजू कोरी सोडतात. मग कोरी बाजू ओल पिते, वरची पीत नाही, आणि फळी वाकते. खालच्या आणि मागच्या बाजूलाही किमान एक हात मारून घ्या. चपडा लाखेचे पॉलिश दिसायला सर्वांत सुंदर, पण त्यावर ओल्या ग्लासाचे पांढरे वळे उमटते. कपाट, खुर्चीचे हात आणि तसबिरींच्या चौकटी यांना लाख द्यावी. मेजाला तेल-मेणाचे किंवा चमक नसलेले पीयू चालते. काजूच्या टरफलाचे तेल आपल्याकडे होड्यांना आणि छपराच्या लाकडाला लावतात. ते वाळवीवर उत्तम, पण कातडी भाजणारे आणि काळे पडणारे आहे. ते न दिसणाऱ्या लाकडालाच आणि जाणत्या माणसाकडूनच लावून घ्यावे.

बसायची जागा

या खोलीत सोफासेट नसला तरी चालेल. दोन चांगल्या बैठका पुरतात.

पहिली आरामखुर्ची. लांब हातांची, पाठ मागे कललेली, वेताच्या विणीची. तिची रचना इथल्या हवेसाठीच झाल्यासारखी आहे. विणीच्या छिद्रांतून वारा लागतो, घाम धरत नाही, आणि बुरशीला बसायला कापड-कातडे नाही. जुनी खुर्ची मिळाली आणि तिची वीण सैल पडून खोलगट झाली असेल तर लगेच बदलू नका. खुर्ची उलटी करा, विणीच्या खालच्या बाजूला कोमट पाण्यात भिजवलेले फडके तासभर ठेवा, वेत नीट भिजू द्या आणि मग खुर्ची हवेशीर उन्हात वाळवा. वेत वाळताना आखडतो आणि वीण पुन्हा ताणली जाते. दोरे तुटले असतील तरच वेत विणणाऱ्या कारागिराकडे न्या. उशी लागतेच असे वाटले तर जाड खादीची, गडद रंगाची आणि धुता येईल अशी घ्या.

दुसरी बैठक झोपाळा किंवा गादी-लोड. झोपाळा हवा असेल तर फळी पाच-सहा फूट लांब आणि दोन फुटांच्या आसपास रुंद असावी, बसायची उंची अठरा इंच. पुढे-मागे तीन-तीन फूट मोकळे राहिले पाहिजे. एवढी जागा नसेल तर झोपाळ्याचा मोह सोडा. छताला कडी बसवण्याचे काम जाणत्या इंजिनिअरला विचारूनच करा. स्लॅब ओततानाच तुळईत कडी सोडली तर सर्वांत चांगले. नंतर ड्रिलने मारलेल्या साध्या हुकावर माणसाचे वजन सोपवू नका.

झोपाळा जमत नसेल तर भिंतीला लागून बुटके लाकडी पलंगवजा बैठकस्थान करा, त्यावर कापसाची गादी, पांढरी किंवा गडद चादर, दोन लोड. सोलापुरी चादर इथे फार शोभते. जमिनीवर गालिचा नको. लाल कोबा, शहाबादी किंवा काळसर फरशी उघडी राहू द्या आणि बैठकीपुढे एखादी घोंगडी किंवा काथ्याची चटई अंथरा, म्हणजे उचलून झटकता आणि उन्हात टाकता येते.

मेज आणि पुस्तके

लेखनाचे मेज २९ ते ३० इंच उंचीचे, खुर्चीची बैठक १७ ते १८ इंचांची ठेवा. मेज खिडकीला काटकोनात मांडा. उजव्या हाताने लिहिणाऱ्यांना उजेड डावीकडून यावा, म्हणजे हाताची सावली कागदावर पडत नाही. मेजावर रोज लागणारेच ठेवा. दिवा, पेन, कागद दाबायला एखादे जड पितळ, एवढे पुरे.

रत्नागिरी हे वाचणाऱ्या माणसांचे गाव आहे. इथले जिल्हा नगर वाचनालय १८२८ पासूनचे. पाच खंडांत धर्मशास्त्राचा इतिहास लिहून १९६३ साली भारतरत्न झालेले पां. वा. काणे याच जिल्ह्यातले. त्यामुळे या खोलीत पुस्तके नसतील तर ती रत्नागिरीची खोली म्हणता येणार नाही.

कपाटाचे खण दहा ते बारा इंच खोल असावेत आणि आधाराशिवाय फळीची लांबी तीन फुटांच्या वर जाऊ देऊ नये, पुस्तकांच्या वजनाने ती मध्ये झोल खाते. कपाट भिंतीपासून दोन बोटे पुढे आणि जमिनीपासून किमान चार इंच वर हवे. पूर्ण बंद काचेच्या दारांत हवा कोंडते. दाराला वर-खाली बारीक जाळी ठेवा. पुस्तके दाटीवाटीने कोंबू नका, खणाच्या मागे बोटभर जागा सोडा. जुन्या पोथ्यांजवळ वेखंड ठेवायची आपल्या घरांतली रीत कसर आणि झुरळांना दूर ठेवते. ती चालू ठेवा, पण वेखंडाची पुरचुंडी दर वर्षी बदला. दसऱ्यानंतरच्या कोरड्या हवेत सगळी पुस्तके बाहेर काढावीत, पाने मोकळी करावीत आणि सावलीतल्या वाऱ्यात दिवसभर ठेवावीत. कडक उन्हात ठेवली तर कागद तडकतो आणि बांधणी वाकते.

पितळ

गडद लाकडावर उजेड आणायचे काम पितळ करते. पण चार-पाच वस्तूंच्या वर जाऊ नका. पानाचा डबा, तांब्या, छत्री-काठ्या ठेवायला हंडा, झोपाळा असेल तर त्याच्या पितळी कड्या, आणि दारांच्या मुठी. झोपाळ्याच्या जुन्या कड्यांत हत्ती, मोर, घोडेस्वार ओतलेले असतात. त्या मिळाल्या तर बाकीचे पितळ कमी करा, त्या एकट्याच पुरेशा आहेत. समई मात्र देवघरातच ठेवा. ती शोभेची वस्तू नाही.

मांडवी, मिऱ्या, भाट्ये अशा समुद्राकाठच्या घरांत पितळ लवकर काळवंडते. बाजारातली रसायने आणायची गरज नाही. मूठभर जुनी आमसुले कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा, तीच बोटांनी पितळेवर घासा. नक्षीच्या खाचांसाठी मऊ दातांचा जुना ब्रश घ्या. काळेपणा निघून गुलाबी छटा दिसू लागली की लगेच थांबा आणि भरपूर पाण्याने धुवा. आंबट अंश खाचांत राहिला तर तिथे हिरवे डाग पडतात. धुतल्यावर ताबडतोब कोरड्या सुती कापडाने पुसा आणि थोडा वेळ उन्हात ठेवा. ज्या पितळेवर कारखान्यात लाखेचा पारदर्शक थर दिला आहे, त्यावर आमसूल घासू नका, थर तुकड्यातुकड्याने निघतो.

तसबिरी आणि नकाशे

भिंतीवर काय टांगता यावरून खोली कोणाची आहे ते कळते. विकत आणलेले सिंहाचे मुखवटे, बनावट नांगर आणि सुकाणूची चाके इथे नकोत. आपल्या घराण्याचे, आपल्या जिल्ह्याचे काहीतरी असू द्या.

रत्नागिरी जिल्ह्याचा जुना नकाशा हे उत्तम चित्र होते. १ मे १९८१ ला सिंधुदुर्ग वेगळा होईपर्यंत आपला जिल्हा बाणकोटच्या खाडीपासून तेरेखोलच्या खाडीपर्यंत पसरलेला होता. तो पूर्ण किनारा एका चौकटीत पाहणे ही निराळीच गोष्ट आहे. सावंतवाडीच्या हाताने रंगवलेल्या गंजिफाही गडद भिंतीवर रत्नासारख्या दिसतात. शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यात कारागिरांना बसवून ही कला पुन्हा उभी केली. दशावताराच्या दहा गोल पत्त्यांची एक चौकट पुरते. राजा रविवर्मा यांच्या छापखान्यातले एखादे जुने चित्र घरात असेल तर त्याला मानाची जागा द्या. तो छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला होता, म्हणजे त्यातली काही चित्रे आता शंभरीच्या पुढे गेलेली आहेत.

आजोबा-पणजोबांची मूळ छायाचित्रे पावसाळी भिंतीवर लावू नका. चांगली प्रत काढा, प्रत टांगा आणि मूळ कोरड्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. चौकट करताना काच चित्राला चिकटता कामा नये. मध्ये पुठ्ठ्याची चौकट घालायला सांगा, नाहीतर ओलीत चित्र काचेला धरते आणि सोडवताना चेहराच निघून येतो. चौकटीच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे छोटे तुकडे चिकटवा, म्हणजे भिंत आणि चित्र यांच्यात वारा खेळतो. चित्राचा मध्य डोळ्यांच्या उंचीवर, जमिनीपासून सुमारे पावणेपाच-पाच फुटांवर येऊ द्या.

दिवे

पांढऱ्या ट्यूबच्या उजेडात चांगले लाकूडही राखट दिसते. २७०० ते ३००० केल्विनचे पिवळसर दिवे घ्या. छताचा एकच मोठा दिवा नको. मेजावर एक, आरामखुर्चीशेजारी एक, तसबिरींच्या भिंतीवर एक, अशी विभागणी करा आणि प्रत्येकाचे बटण वेगळे ठेवा. जुनी हंडी किंवा कंदील विजेवर करून घ्यायचा तर तारांचे आणि अर्थिंगचे काम परवानाधारक वायरमनकडून करा. धातूच्या दिव्याला या दमट हवेत अर्थिंग नसणे जिवावर बेतू शकते. एक रॉकेलचा कंदील खराच चालू स्थितीत ठेवा. वादळी पावसात वीज गेली की तो उपयोगी पडतो.

कामाचे वेळापत्रक

पावसाळ्यात काहीही करू नका, फक्त पाहा. कुठे गळते, कुठली भिंत काळवंडते, वारा कुठून येतो, याची नोंद ठेवा. दिवाळीनंतर गळती, गिलावा आणि वायरिंग उरका. जानेवारी-फेब्रुवारीत सुतारकाम आणि रंग. लाखेचे पॉलिश हवा कोरडी असतानाच, मार्च उजाडायच्या आत संपवा. दमट हवेत लाख पांढुरकी पडते. मार्चपासून आंब्याचा हंगाम सुरू होतो आणि गडी-कारागीर मिळत नाहीत, मे महिन्यात चाकरमानी गावी येतात. म्हणजे मिरगाआधी काम पुरे करायचे तर सुरुवात दिवाळीलाच केली पाहिजे.

पैसे थोडे असतील तर क्रम असा धरा. आधी भिंत कोरडी करा, मग एक चांगले मेज, मग एक आरामखुर्ची, मग दिवे. कपाट पुढच्या वर्षी आले तरी चालते, पितळ आणि तसबिरी हळूहळू जमतात. सगळे एकदम विकत आणून एका आठवड्यात मांडलेली खोली कोणाचीच वाटत नाही.

शेवटी एक विनंती. तुमच्या गावात, वाडीत जुने घर उतरवले जात असेल तर तिथे जा. लाकूड वखारीत किंवा चुलीत जाण्याआधी त्यातली एक तरी वस्तू वाचवा. एखादे दार, खुंट्यांची पट्टी, झोपाळ्याची कडी, फडताळ, जे परवडेल आणि जे घरचे लोक राजीखुशीने देतील ते. खोलीची सुरुवात त्या वस्तूपासून करा आणि बाकीचे सामान तिच्या मानाने निवडा. कोकणी घरांतले हे लाकूड पुन्हा तयार होणार नाही, आणि ते आपल्या बैठकीत आणले तर निदान आणखी दोन पिढ्या ते वापरात राहील.